सुटे भाग बदलण्याआधी

प्रति,
वाहन कंपन्यांचे सेवाप्रमुख
आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक यांस



सकाळी चावी फिरवावी आणि सेल्फने नुसते ‘टक्’ करावे, ही तक्रार घेऊन एसयूव्हीचा मालक आपल्या दारात येतो. पहिल्या खेपेला बॅटरी बदलली जाते. काही दिवस बरे जातात. दुसऱ्या खेपेला सेल्फ मोटर बदलते, तिसऱ्या खेपेला अल्टरनेटर. चौथ्यांदा गाडी आपल्याकडे येतच नाही; ती नाक्यावरच्या वायरमनकडे जाते. तो बॉनेट उघडतो, इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी विणलेली अर्थिंग पट्टी सोडवतो, टोकांवरचा गंज घासून काढतो, नट पुन्हा आवळतो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. तोवर तीन सुट्या भागांचे पैसे मालकाच्या खिशातून गेलेले असतात, आणि काढून टाकलेले तिन्ही भाग बहुधा चांगलेच होते.

पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या बिघाडांकडे आपल्या सेंटरांत ज्या पद्धतीने पाहिले जाते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. आपल्या तंत्रज्ञांच्या कष्टांचा आदर राखून ते लिहिले आहे. पण जे बोलायचे ते स्पष्ट बोललेले बरे.

महाराष्ट्रात या गाड्यांवर किती जणांचे दिवस अवलंबून असतात, हे आपल्याला सांगायला नको. १९९४ साली टाटांची सुमो आली, १९९८ साली सफारी. २००० साली महिंद्रांची बोलेरो, आणि २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ. तेव्हापासून रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, लग्नाचे वऱ्हाड पोहोचवणे, बाजार समितीला जाणे, ही कामे याच गाड्या करत आल्या आहेत. घाटाच्या चढावर मधेच ताकद सोडणारी किंवा पहाटे सुरू न होणारी गाडी अशा घरात नुसती गैरसोय ठरत नाही. दवाखान्याची वेळ चुकते, भाडे हातचे जाते.

अर्थिंगपासूनच सुरुवात करू, कारण या गाड्यांच्या रचनेतच त्याचे महत्त्व दडलेले आहे. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्यांची बॉडी शिडीसारख्या चेसिसवर बसवलेली असते आणि दोन्हींच्या मधे रबरी माउंटिंग असतात. इंजिनही रबरावरच टेकलेले असते. रबरातून वीज जात नाही. म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या साऱ्या प्रवाहाचा भरवसा दोन-तीन पट्ट्यांवर आणि त्यांच्या बोल्टांवर असतो. डिझेल एसयूव्हीचा सेल्फ फिरताना ३०० अँपिअरच्या घरात प्रवाह सहज खेचतो. पट्टीच्या टोकाशी गंजामुळे ५ मिलिओहम इतकाच रोध वाढला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. साध्या मल्टीमीटरने ओहम मोजायला गेले तर हा रोध दिसतही नाही. काटा शून्यच दाखवतो आणि ‘वायरिंग ठीक आहे’ असा शेरा पडतो. तो दिसतो गाडीवर भार असतानाच. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरायची. ०.२ व्होल्टच्या फार वर आकडा गेला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. दोन माणसे आणि पाच मिनिटे, एवढाच या तपासणीचा खर्च.

बॅटरीचेही तसेच आहे. रात्रभर स्थिर राहिलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली घसरता कामा नये. हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय बॅटरी बदलू नका, ही आपल्याला पहिली विनंती. आणि ते आकडे ग्राहकाला कागदावर द्या. ज्याच्या हातात आकडे असतात, तो नव्या बॅटरीच्या बिलावर वाद घालत नाही.

‘गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते’ ही तक्रार आणखी किचकट आहे. गाडी बंद करून कुलूप लावले, की आतली कंट्रोल युनिटे एकेक करून झोपी जातात. काही गाड्यांत त्याला अर्धा तासही लागतो. त्यानंतर एकूण गळती ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याखाली असावी, असा सर्वसाधारण आडाखा आहे. ती जर अर्ध्या अँपिअरवर गेली, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत गाडी सुरू करू शकत नाही, यात नवल नाही. पण आपल्या बहुतेक ठिकाणी काय होते? दार उघडून, फ्यूज उपटत तपासणी सुरू होते. दार उघडले की झोपलेली युनिटे जागी होतात, फ्यूज परत बसवला की पुन्हा जागी होतात, आणि चोर सापडत नाही. जाणता वायरमन दाराची कडी पेचकसाने बंद स्थितीत अडकवतो, गाडीला झोपू देतो, आणि फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांत मिलिव्होल्ट मोजतो. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो, त्या वाटेने प्रवाह जातो आहे. या कामाला गाडी तास-दीड तास हात न लावता उभी ठेवावी लागते. संध्याकाळपर्यंत अमुक इतक्या गाड्या बाहेर काढायच्या, असे लक्ष्य डोक्यावर असलेल्या तंत्रज्ञाला तो तास कोण देणार?

खरी मेख इथेच आहे असे प्रस्तुत पत्रलेखकाला वाटते. भाग बदलण्याचे पैसे बिलात दिसतात. विचार करण्याच्या, थांबण्याच्या, मोजण्याच्या वेळेला बिलात जागाच नाही. मग तंत्रज्ञाने काय करावे? निदानाचे पैसे आपण वेगळे लावा. तासाचा दर फलकावर लिहा. ग्राहक ते देतील, कारण तीन अनावश्यक भागांपेक्षा एका तासाचे निदान नेहमीच स्वस्त पडते.

आता स्कॅनरबद्दल. १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड येतो, आणि कोड आला की भाग मागवला जातो. घाटात गाडीने दम सोडला, ती ताकद मर्यादित ठेवणाऱ्या लिंप मोडमध्ये गेली. स्कॅनरवर पी ०२९९ आला, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. हा कोड टर्बो खराब आहे असे सांगत नाही. दाब कमी आहे, एवढेच सांगतो. इंटरकूलरच्या होजला आतल्या बाजूने चीर गेली असेल, क्लिप ढिली असेल, व्हॅक्यूमची बारीक नळी उंदराने कुरतडली असेल, अ‍ॅक्च्युएटर अडकत असेल. या सगळ्या कारणांना कोड एकच. पी ०३३५ आला तर क्रँकच्या सेन्सरचे ‘सर्किट’ संशयित आहे. त्या सर्किटात सेन्सरबरोबर वायर आणि कनेक्टरही येतात. कोड हा प्रश्न आहे, त्याचे उत्तर तंत्रज्ञाने शोधायचे असते. कोडबरोबर साठवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, फेरे, तापमान, बॅटरीचे व्होल्ट, ही तर सोन्यासारखी असते. अनेकदा ती न वाचताच कोड पुसला जातो. आणि कोड पुसला की दिवा विझतो, गाडी ‘दुरुस्त’ म्हणून बाहेर पडते, आणि आठवड्याने पुन्हा दारात उभी राहते.

एकाच वेळी एबीएस, ईएसपी, हिल होल्ड असे सगळे दिवे लागतात, तेव्हा मालक घाबरून जातो. त्याला वाटते सगळीच यंत्रणा गेली. बहुतेक वेळा चाकाच्या वेगाचा एकच सेन्सर किंवा ब्रेकच्या पेडलाचा स्विच गडबडलेला असतो, आणि त्या एका खबरीवर विसंबलेली प्रत्येक यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. इथे यांत्रिक आणि विजेचे दोष एकमेकांत गुंतलेले असतात. आजच्या पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कड असते आणि सेन्सर तीच वाचतो. बदललेले बेअरिंग उलटे बसले, तर चाक छान फिरते, आवाज जातो, पण एबीएसचा दिवा मात्र लागतो. मग एबीएसचे महागडे युनिट बदलण्याचा सल्ला दिला जातो! कालच बेअरिंगचे काम झाले होते, हे जॉब कार्डवर वाचायला कुणी थांबले असते, तर शोध तिथेच संपला असता.

पावसाळ्याचा विषय टाळून चालणार नाही. फ्लॅटमध्ये ओल एका भिंतीवर उमटते आणि गळती वरच्या मजल्यावर भलतीकडेच असते, तसेच या गाड्यांत होते. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. काचेखालच्या जाळीतही पाणी वाहून जायला वाट असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाने कुजून त्या तुंबतात, पाणी डॅशबोर्डाच्या आतून फ्यूज बॉक्सवर किंवा बॉडी कंट्रोल युनिटच्या कनेक्टरवर उतरते, आणि ऑगस्टमध्ये वायपर आपोआप फिरायला लागतात, काचा अर्ध्यावर थांबतात, कुलूप ऐकत नाही. आजच्या गाडीतली युनिटे कॅन बसवर एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली ही पद्धत दोन पीळ दिलेल्या तारांवर चालते आणि दोन टोकांना १२० ओहमचे रोध असतात. बॅटरी सोडवून दोन तारांमधे मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एक टोक तुटले आहे. इतक्या साध्या मोजणीने ज्याचा माग लागतो, त्यासाठी हजारो रुपयांची युनिटे बदलली जातात. नवे युनिटही त्याच गळतीखाली बसवले, तर पुढच्या पावसाळ्यात तेही जाणारच.

मागच्या दाराची वायरिंग हा असाच दुर्लक्षित कोपरा. दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या तारा हजारो वेळा वाकतात. वरचे आवरण शाबूत राहते आणि आतले तांबे तुटते. कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही. मागचा वायपर मनात येईल तेव्हा चालतो. कॅमेरा बदलण्याआधी ती नळी सरकवून तारा हलक्या हाताने ओढून बघायला सांगा.

यांत्रिक तक्रारींत सर्वांत जास्त वाद आवाजांवरून होतो. ग्राहक म्हणतो, गतिरोधकावर पुढून खडखड येते. आपला सल्लागार सेंटरच्या सिमेंटच्या आवारात एक फेरी मारतो आणि लिहितो, ‘तक्रार आढळली नाही’. लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचे वरचे माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, प्रत्येकाचा आवाज निराळा असतो आणि निराळ्या रस्त्यावर येतो. सपाट आवारात यातला एकही बोलत नाही. ज्या रस्त्यावर तो येतो त्या रस्त्यावर, मालकाला शेजारी बसवून, काम करणाऱ्या तंत्रज्ञानेच गाडी चालवावी. सल्लागाराने ऐकलेले तंत्रज्ञापर्यंत पोहोचेपर्यंत अर्धे गळून गेलेले असते.

डिझेल गाड्यांबद्दल एक गोष्ट विक्रीच्या वेळीच सांगायला हवी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, घरोघरी पोहोचला. त्यात साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. जो रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून परत येतो, त्याच्या गाडीत ते तापमान येतच नाही. मग दिवा लागतो, आपल्याकडे स्कॅनरने जबरदस्तीने काजळी जाळली जाते, महिन्याभराने पुन्हा तेच. ही प्रक्रिया मधेच तुटत राहिली तर काही इंजिनांत जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढणे ही चांगली खबर नाही, हे किती मालकांना कुणी सांगितले असेल? आणि वापर लांब पल्ल्याचा असूनही डीपीएफ भरत असेल, तर गळका इंजेक्टर, कार्बनने अडकलेला ईजीआर, फाटलेली होज यांचा शोध घेतल्याशिवाय पुन्हापुन्हा काजळी जाळणे म्हणजे दिव्यावर उपचार करणे होय.

मालकांची चूक कुठे नसतेच, असे नाही. जादा हॉर्न, फॉग लॅम्प, डॅशकॅम यांच्यासाठी मूळ तारा सोलून जोड दिले जातात, इंजिनवर प्रेशरने पाणी मारले जाते. पण अशी जोडणी दिसली तर ‘वॉरंटी गेली’ एवढेच सांगून हात झटकू नका. त्या जोडणीमुळे हाच दोष आला का, हे दाखवून द्या.

‘तक्रार आढळली नाही’ या शेऱ्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २०११ च्या जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज ड्युरँगो या एसयूव्ही कधी सुरू व्हायच्या नाहीत, तर कधी चालता चालता बंद पडायच्या. मुळाशी होता विजेच्या मुख्य मॉड्यूलच्या आत बसवलेला इंधन पंपाचा रिले. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने त्या परत बोलावल्या, आणि उपाय काय केला? मॉड्यूलच्या बाहेर एक वेगळा रिले बसवून दिला. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण उघडकीस आले. ढिल्या स्विचमुळे चावी आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद पडायचे आणि एअरबॅगही निकामी व्हायची. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. तो स्विच मधल्या काळात सुधारला गेला होता, पण भागाचा क्रमांक बदलला नव्हता. त्यामुळे जुना कोणता, नवा कोणता हे कागदावर कळायला मार्ग राहिला नाही, आणि दोषाचा माग वर्षानुवर्षे चुकत गेला. नोंद नीट ठेवण्याचा आग्रह या पत्रात वारंवार येतो आहे, तो यामुळे.

आपल्याकडेही कायदा आता ग्राहकाच्या बाजूने बोलतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तरीही कोणत्याही ग्राहकाला आयोगाच्या पायऱ्या चढायची हौस नसते. त्याला गाडी हवी असते, धड चालणारी.

उरला प्रश्न लहान गॅरेजांचा. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्या आदेशाचा गाभा होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या. पण त्या आदेशातली मूळ अपेक्षा आजही रास्त आहे. गडचिरोलीच्या किंवा दोडामार्गच्या मालकाला आपले सेंटर गाठायला अर्धा दिवस मोडावा लागत असेल, तर त्याच्या गावच्या वायरमनला वायरिंगचा नकाशा मिळायला हवा. वाजवी शुल्क घ्या, नोंदणी करा, पण नकाशा द्या. आयटीआयमध्ये दोन वर्षे मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला मुलगा नकाशाच्या आधाराने जे तासात शोधेल, ते त्याला आज चाचपडत दिवसभर शोधावे लागते, आणि त्या चाचपडण्यात चांगल्या तारा सोलल्या जातात.

म्हणून आपल्याकडे इतकेच मागणे आहे. जॉब कार्डवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहा: सकाळी की दुपारी, थंड इंजिनला की गरम, पावसात की कोरड्यात, घाटात की सपाटीवर. काढलेला जुना भाग ग्राहकाला दाखवा आणि मागितला तर परत द्या. काय मोजले, किती आले, हे बिलाच्या मागे छापा. आणि तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेली गाडी नेहमीच्या रांगेतून बाहेर काढा. ती सेंटरमधल्या सर्वांत अनुभवी तंत्रज्ञाकडे सोपवा, त्याला दिवसाचे लक्ष्य लावू नका, आणि त्याच्या मंजुरीशिवाय एकही नवा भाग बसवू नका.

हा नियम आपल्या सेंटरात कधीपासून लागू होतो, ते काउंटरवर मराठीत लावावे. मृग लागण्याआधी ते झाले, तर कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांना यंदाच्याच पावसात त्याचा उपयोग होईल.



आपला विश्वासू,
एक एसयूव्ही मालक